शेवटचा फर्मा

आमच्या चाळीच्या दुसऱ्या मजल्यावर आजवर एकाही माणसाने रहस्यकादंबरी शेवटपर्यंत वाचलेली नाही. त्याला कारण दिगूभाऊ परब. (नाव मी बदललं आहे. माणूस बदलणं मला जमलं नसतं.) गॅलरीत कुणी पुस्तक उघडून बसलेलं दिसलं, की दिगूभाऊ मागून येऊन आधी मुखपृष्ठ बघत, मग वाचणाऱ्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणत, "तुझा वेळ वाचवतो. खून दिवाणजीने केलाय."

यात दुष्टपणा औषधालाही नव्हता. समोरचा विनाकारण दोनशे पानं झिजणार, या विचाराने त्यांना खरंच वाईट वाटे. खोड पुस्तकांपुरती असती तरी चाललं असतं. वरच्या मजल्याच्या सावंतांना साठीच्या दिवशी त्यांच्या मुलांनी "डॉक्टरकडे जाऊ" म्हणून बाहेर काढलं, तर जिन्यातच दिगूभाऊंनी गाठलं. "तुझा वेळ वाचवतो सावंत. हॉलमध्ये केक आहे. शर्ट बदलून घे." सावंत खरोखरच परत वर गेले आणि शर्ट बदलून आले.

दिगूभाऊ धंद्याने बाइंडर. चिंचपोकळीच्या पुलाजवळ एका गाळ्यात त्यांनी आयुष्यभर पुस्तकं बांधली आणि पासष्टीतही बांधतात. पुस्तक छापून येतं ते सोळा-सोळा पानांच्या घड्यांनी. त्या घडीला फर्मा म्हणतात. फर्मे लावताना शेवटचा तळाला ठेवून पहिल्याकडे यायचं, आणि दिगूभाऊंना हाताखालून जाणारं सगळं वाचायची सवय. त्यामुळे जगातली प्रत्येक गोष्ट त्यांना शेवटापासून कळत गेली. आपण सगळे उलट्या बाजूने का वाचतो, हे त्यांना कोडंच होतं.

आता माझं दुर्दैव सांगतो. मी विमा कंपनीत कारकुनी करतो आणि सकाळी उठून ऐतिहासिक रहस्यकादंबऱ्या लिहितो. किल्ले, लखोटे, भुयारं आणि एक तोतया, एवढं माझं भांडवल. तोतया हवाच. बारा वर्षांनी परत आलेला माणूस खरा की खोटा, यावर मी तीन कादंबऱ्या काढल्या. तिन्ही दिगूभाऊंनी बांधल्या आणि तिन्ही फोडल्या. पहिलीचं प्रकाशन चाळीच्या हॉलमध्ये झालं. बाइंडर म्हणून मी कौतुकाने त्यांना शाल दिली. आभाराला उभे राहिले आणि म्हणाले, "तुम्हा सगळ्यांचा वेळ वाचवतो." त्या दिवशी चार प्रती खपल्या. त्यातल्या दोन माझ्या सासऱ्यांनी घेतल्या.

परबांचं बिऱ्हाड माझ्या भिंतीला लागून. पंचवीस वर्षं आमची फोडणी त्यांना आणि त्यांचा खोकला आम्हाला ऐकू येतो. घरात तिघं. नव्वदीला टेकलेल्या काकू, म्हणजे दिगूभाऊंची आई. काचबिंदूने त्यांची दृष्टी कधीच गेली. थोरला भाऊ दादा. आणि दिगूभाऊ. दोघा भावांनी लग्न केलं नाही. दादा अठराव्या वर्षी वडिलांशी भांडून मालवाहू बोटीवर गेले आणि सहा वर्षांनी परत आले, एवढं चाळीला ऐकून माहीत होतं; परब इथे राहायला आले ते त्यानंतर. तोवर वडील वारले होते. दादा बोलत कमी. लालबागच्या बाजारातून मासे आणायचे, काकूंचे पाय चेपायचे आणि संध्याकाळी दिगूभाऊ आईला पुस्तक वाचून दाखवत तेव्हा लसूण सोलत बसायचे. पितृपक्षात काकू एक पान जास्त वाढायला लावत. "कोणाचं, विचारलं तर म्हणते कावळ्याच्या बायकोचं," दिगूभाऊ तक्रार करत, आणि आम्ही हसत असू.

माझी चौथी कादंबरी छापून बाइंडिंगला गेली. किल्लेदाराचा समुद्रात हरवलेला थोरला मुलगा परत येतो. कुणी म्हणतं खरा, कुणी म्हणतं तोतया. शेवटच्या फर्म्यात भरदरबारी आईला उभं करतात. पहिल्या प्रकरणापासून गाजत असलेली त्याच्या पाठीवरची खूण ती बघते, "हा माझा नव्हे" म्हणते आणि कडेलोट होतो. हे लिहून झाल्यावर मी स्वतःवर इतका खूश झालो होतो की बायकोने दोन दिवस माझ्याशी बोलणं टाकलं.

आठ दिवस गेले, शेवट फुटेना. चाळ बेचैन झाली. सावंतांनी मुद्दाम विचारलं तर दिगूभाऊ म्हणाले, "वाचलं नाही अजून." बायको म्हणाली, "अहो, त्यांना खरंच डॉक्टरकडे न्या."

रविवारी सकाळी ते माझ्याकडे आले. पिशवीतून एकच फर्मा काढून टेबलावर ठेवला.

"लेखक, शेवट बदलता येईल?"

"छापून झालंय दिगूभाऊ!"

"ते मला सांगतोस? मीच बांधतोय." मग हळूच म्हणाले, "आये ऐकणार ना. आणि दादा बाजूला बसलेला असणार."

"मग?"

ते उठले, दार लोटलं आणि परत बसले. "आमचा दादा आमचा दादा नाही."

मी टेबलावरचा फर्मा उलटा करून ठेवला.

"खरा दादा बोटीवर तापाने गेला. हा त्याचा दोस्त. दादाची ट्रंक घेऊन निरोप सांगायला आला होता. आयेला तेव्हाच धूसर दिसायचं. ती धावत दारात आली आणि 'इलंस बाबू?' म्हणून गळ्यात पडली. त्याच्या तोंडून नाही निघेना."

"तुम्हाला कधी कळलं?"

"त्याच दिवशी. मी सतरा वर्षांचा. दादाला कोळंबी चालायची नाही. सुजायचा. याने दोनदा मागून खाल्ली. मग एकदा गच्चीवर नेऊन विचारलं, तर रडायलाच लागला. म्हणाला, उद्या जातो. मी म्हटलं, जा, पण आयेला विचारून जा." दिगूभाऊ जरा हसले. "त्याला काय ते जमलं नाही. लग्नही नाही केलं. परक्या नावाने कुणा पोरीला फसवू नये, म्हणाला. मग मलाही करवेना."

मग टेबलाकडे बघत म्हणाले, "दादासाठी मी कधी रडलोच नाही रे. रडणार कुठे? दादा समोर बसून चहा पीत होता."

मी रहस्यकादंबऱ्यांचा लेखक. पंचवीस वर्षं त्या भिंतीला टेबल लावून मी भुयारं खणत बसलो, आणि भिंतीपलीकडे काय होतं याचा मला पत्ता नव्हता. मला माझीच लाज वाटली. तरीही शेवट मी बदलला नाही. पुस्तक छापून झालं होतं हे खरंच, पण तो शेवट मला अजून आवडत होता हेही तितकंच खरं.

दिगूभाऊंनी काकूंसाठी एक प्रत वेगळी बांधली, शेवटच्या फर्म्याशिवाय. तिथवर वाचून दाखवलं आणि पुढचं तोंडाने सांगितलं. किल्लेदारीणबाई म्हणते, हाच माझा मुलगा, आणि सगळे जेवायला बसतात.

पुढे महिन्याभराने घरचे मोदक द्यायला मी परबांकडे गेलो. काकू एकट्याच होत्या.

"लेखका, तुज्या पुस्तकाचो शेवट काय रे?"

"दिगूभाऊंनी वाचला ना, काकू?"

"वाचल्यान खय? सांगल्यान. शेवटाक पान उलटल्याचो आवाज नाय इलो." मग म्हणाल्या, "ती आवस सगळ्यांसमोर 'हो माझो न्हय' म्हणता. होय ना?"

मी मान खाली घातली. त्यांना ती दिसली नाही, पण कळली असावी.

"खूण बघूक पाठ कित्याक उघडी करूक होयी? माज्या बाबूक कोळंबी चलायची नाय. हो इलो त्या दिसा मी मुद्दाम रांधलंय."

मी डबा खाली ठेवला. "म्हणजे तुम्हाला तेव्हापासून... मग काहीच कशा बोलला नाहीत, काकू?"

"काय बोलू? तेना परत ताट पुढे केल्यान. पोरगो उपाशी होतो. वाढलंय."

मग पितृपक्षातलं ते जास्तीचं पान माझ्या लक्षात आलं. त्यावरून मी किती वेळा हसलो होतो!

"मी मरासर दिगूक सांगू नको," काकू म्हणाल्या. "तेच्या पोटात तेवढाच एक गुपित रवलाहा."

त्या असेतोवर मी नाही सांगितलं. चाळीतल्या त्या एका खोलीत दोघं आईपासून आणि आई दोघांपासून, असं तिघंजण एकच गुपित जपत होते. जेवण, औषधं, भांडणं, सगळं त्याच्या भोवतीने व्यवस्थित चालू होतं.

यंदा होळीच्या आधी काकू गेल्या. सगळी चाळ खाली अंगणात जमली होती. तिरडी बांधून झाली, विस्तव पेटला, आणि गुरुजींनी विचारलं, "थोरला मुलगा कोण?"

दादा दोन पावलं मागे सरकले आणि जिन्याच्या कठड्याला धरून उभे राहिले. त्यांनी दिगूभाऊंकडे बोट केलं. गुरुजी एकदा इकडे, एकदा तिकडे बघू लागले.

दिगूभाऊ गर्दीतून वाट काढत गेले, दादांच्या मनगटाला धरून त्यांना पुढे आणलं आणि मडक्याची दोरी त्यांच्या हातात दिली.

"गुरुजी, तुमचा वेळ वाचवतो," ते म्हणाले. "थोरला हा."

आणि मग, आईसाठी की अठ्ठेचाळीस वर्षांपूर्वी तापाने गेलेल्या त्या दुसऱ्या दादासाठी कोण जाणे, दिगूभाऊ दादांच्या खांद्यावर डोकं टेकून मोठमोठ्याने रडले.