अठराशे नव्याण्णवची वात

गंगूबाई गेल्या तेव्हा त्यांच्या लक्ष वातींपैकी एकशे अठरा वळायच्या राहिल्या होत्या. त्यांचे यजमान नागनाथराव, रिटायर्ड सुभेदार, साताऱ्याचं घर बंद करून जयपूरला नातीकडे आले ते एवढं अपुरं व्रत आणि स्वतःची उशी घेऊन. ती उशी रोज सकाळी झोटवाड्याच्या फ्लॅटच्या गॅलरीत वाळत पडायची. शर्वरीनं विचारलं की म्हणायचे, "राजस्थान हाय पोरी. घाम येतो."

शर्वरी झाडांवर पीएचडी करत होती. मेवाडातल्या एका म्हाताऱ्या सागाच्या खोडातली एकेका वर्षाची कडी सोलून, उकळून, धुऊन तिनं आतला पांढरा तंतू काढला होता. झाड पाणी पितं, त्यातला ऑक्सिजन त्या तंतूत बसून राहतो. मशीनमध्ये घातला की त्या साली पाऊस किती पडला ते कळतं. एक वर्ष, एक बाटली. तीन वर्षांची मेहनत, मऊ, पांढरीशुभ्र, चिमूट चिमूट.

लॅबला निघायच्या आदल्या दुपारी तिनं खोका उघडला. सगळ्या बाटल्या रिकाम्या, वर स्वच्छ पुसलेल्या.

"आजोबा! ह्यातलं, मतलब, ह्यातलं सगळं कुठंय?"

"कापूस व्हय? वळला की. घरातला संपलेला. तुझ्या बाटल्या मोजल्या तर बरोब्बर एकशे अठरा. म्हटलं, गंगूनंच धाडला."

देवापुढच्या पाटावर वाती ओळीनं झोपल्या होत्या. शर्वरी पाटापाशी वाकली.

"क्रम तरी तोच आहे?"

"बत्तीस वर्षं परेड घेतलीय. माझी रांग मोडत न्हाई."

"हाताला दूध लावून वळल्यात?"

"दूध तू चहात संपवलंस."

"पेटवली नाही ना एकपण?"

नागनाथराव देवाकडे बघत म्हणाले, "रांग पुरी हाय न्हवं?"

तिनं तीनदा मोजलं. एकशे अठरा. रडत रडत चिमट्यानं एकेक वात बाटलीत घातली, आजोबांना चारदीवारीतून, जुन्या शहराच्या बाजारातून, कापसाचा पुडा आणून दिला आणि गाडी पकडली.

दीड महिन्यानं, ऐन मे महिन्यात, रिपोर्ट आला. सगळं झकास. फक्त एक साल बिघडलं, आणि तेही अख्खा प्रबंध ज्याच्यावर उभा होता ते, मोठ्या दुष्काळाचं. गाईडसरांचा फोन आला.

"शर्वरीजी, अठराशे नव्याण्णवला इथं लोकांनी खेजडीच्या झाडाची साल दळून खाल्ली. आणि तुमचं झाड काय पोहत होतं? सगळ्यात जास्त पाणी त्याच साली?"

फोन ठेवून ती आजोबांसमोर उभी राहिली. सुभेदारांनी आपणहून शरणागती पत्करली.

"त्या बाटलीत कापूस चिमूटभरबी नव्हता. सगळ्यात मरतुकडी वात. म्हटलं, हिलाच पेटवून बघावं."

"दुष्काळात कडी बारीकच पडते, आजोबा! मग तिच्या जागी काय ठेवलंत?"

"रांग मोडली असती, पोरी. उशी उसवली जराशी."

शर्वरी तरातरा गॅलरीत गेली. बाहेर लू भणाणत होती, कठडा हाताला चटका देत होता. तिनं उशी दाबून बघितली. दुपारचे दोन वाजले तरी ती मधोमध, गाल टेकतो तिथं, ओलीच होती.

ती आत आली. आजोबा मान खाली घालून नवीन कापसाची वात वळत होते. तिनं वही उघडली आणि लिहिलं: '१८९९. नमुना बदलला गेला. जास्तीच्या पाण्याचं कारण: घाम.'