बारडोलीला चढलेले आबा

मिनी बस दारात उभी राहिली आणि काशिनाथआप्पांनी पांडेसऱ्याच्या आपल्या गल्लीत सगळ्या कुटुंबाला गोळा करून एकच ताकीद दिली.

"आज जावईबापूंना राग येईल असं कोणी काही बोलायचं नाही. त्यांच्या माणसांना काही इचारायचं तर अजिबात नाही. हसायचं, पुढंपुढं करायचं आन् खाऊ घालायचं. समजलं?"

चुलते, सुना, आत्या, नातवंडं अशा सगळ्यांनी माना हलवल्या. ताकीद अगदीच वाजवी होती. चार वर्षांपूर्वी धाकट्या मुलाच्या, नितीनच्या लग्नात टॉवेल-टोपीचा कार्यक्रम झाला. माइकवर एकेका पाहुण्याचं नाव पुकारलं जात होतं आणि पाहुणा पुढे येऊन मान घेत होता. त्यात थोरले जावई बाजीराव यांच्या सुपडू मामांचं नावच पुकारलं गेलं नाही. बाजीरावांना वडिलांच्या माघारी या मामांनीच लहानाचं मोठं केलेलं. मामांचा अपमान म्हणजे काय, हे त्यांनी मांडवाला मोठ्या आवाजात समजावून सांगितलं आणि बायकोला घेऊन ते तडक बारडोलीला निघून गेले.

त्यानंतर अश्विनी माहेरी आली नाही. बारडोली काही सातासमुद्रापार नाही, पांडेसऱ्याहून सकाळी निघालं तर चहाला पोहोचता येतं. पण जावयाचा राग मध्ये आला की तासाभराचा रस्ता संपता संपत नाही. खानदेशातल्या लेकी अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला माहेरी येतात, झोके घेतात. तिची आई सरस्वतीबाई दर अखाजीला लेकीसाठी गॅलरीत झोका बांधायच्या आणि दर अखाजीला त्यावर शेजारणीच्या पोरी झुलायच्या. नातवंडांची उंची आजीला फोटोवरूनच कळत होती.

यंदा सुट्टी लागल्यावर नितीनने डोकं चालवलं. "माय, घरी बोलावलं तर दाजी येणार नाहीत. आपण सगळे डोंगरात जाऊ. वांसद्याचं राष्ट्रीय उद्यान पाहू, मग वर सापुताऱ्याला मुक्काम. जंगलात ना त्यांचं घर, ना आपलं. मानपानाचा प्रश्नच येणार नाही."

आश्चर्य म्हणजे बाजीराव हो म्हणाले. "बारडोलीच्या चौकात उभे राहतो," एवढंच बोलून त्यांनी फोन ठेवला. सरस्वतीबाईंनी देवापुढे साखर ठेवली आणि बॅगेत टॉवेल, टोपी, नारळ असं सुपडू मामांच्या मानाचं पुडकंही ठेवलं. परत येताना ते जावयाच्या हाती पाठवायचं, असं ठरलं होतं.

बारडोलीच्या चौकात बाजीराव, अश्विनी आणि त्यांची दोन मुलं उभी होती. त्यांच्या मागे एक पाऊल सोडून डोक्याला रुमाल गुंडाळलेले, पांढरे कपडे घातलेले एक म्हातारे गृहस्थ होते. हातात कापडी पिशवी. बाजीराव चढले, मुलं चढली, आणि त्यांच्यामागोमाग तेही काही न बोलता चढले.

आप्पा लगबगीने बायकोकडे वाकले. "अगं, सुपडू मामांनाच घेऊन आले!" ते बायकोच्या कानात म्हणाले.

"तेच आहेत का पण? तुम्हाला चेहरा आठवतो?"

"अश्विनीच्या लग्नात पाह्यला होता एकदाच. तेव्हा वर फेटा होता आन् खाली मिशी. मधे चेहरा असंल, पण नीट दिसला नाही."

"मग इचारू का मी?"

"खबरदार! एकदा नाव घ्यायचं राहिलं तर चार वर्षं गेली. आता 'तुम्ही कोण' म्हणून इचारलं तर पोरगी या जन्मी घरी येत नाही."

आप्पा उठले आणि त्यांनी ड्रायव्हरच्या मागची आपली खिडकीची जागा मोकळी केली. "या आबा, इथं बसा. हवा चांगली लागते."

"नको, नको," म्हातारबुवा दचकून म्हणाले. "मी मागं बसतो ना कुठंतरी."

आप्पांनी बायकोकडे पाहिलं. राग अजून गेलेला नाही, हे उघड होतं. आपल्याकडे व्याह्याचा रुसवा 'नको'पासूनच सुरू होतो आणि त्यावर आग्रह हा एकच उपाय असतो. आप्पांनी आग्रह केला, नितीनने हात धरला, आणि आबांना खिडकीत बसावंच लागलं.

मागच्या सीटवर बाजीराव हे सगळं पाहत होते. म्हातारबुवा आपल्याच मागून चढले, हे त्यांनी पाहिलंच नव्हतं. सासरे स्वतः उठून जागा देतात म्हणजे माणूस मोठा असणार. "हे कोण गं?" त्यांनी हळूच विचारलं.

अश्विनीने मान उंचावून पाहिलं. "आपल्यातले नाहीत. पूजाच्या माहेरचे असतील. तिचे आजोबा वगैरे. नितीनच्या लग्नातून तुम्ही मला उठवून आणलंत, तिची माणसं मी कधी पाहिली?"

"विचार ना मग कोणाला."

"चार वर्षांनी आले आणि आल्याआल्या भावजयीच्या माणसाला 'हा कोण' म्हणू? तिला काय वाटेल?"

बाजीरावांना ते पटलं. आणि पूजा, म्हणजे नितीनची बायको, ती तर सासऱ्यांची ताकीद पाळून आबांकडे बघून नुसती हसत होती.

खरं काय ते फक्त ड्रायव्हर लखनला माहीत होतं, कारण आबा हे त्याचे वडील होते. त्यांचं नाव दगा. कापड रंगवायच्या मिलमध्ये उभी हयात काढून आता ते बारडोलीला लेकीकडे राहत होते. डोंगर-जंगल एकदा तरी डोळ्यांनी पाहायचं, एवढी त्यांची इच्छा. लखनने गाडीमालकाला विचारलं होतं, गाडी ठरवणाऱ्या पार्टीला विचारायचा मात्र त्याला धीर झाला नव्हता. "चौकात जे लोक चढतील त्यांच्यामागं चढा," त्याने बापाला सांगितलं होतं, "आन् मागच्या सीटवर गुपचूप बसा. एवढ्या मोठ्या खटल्यात एक माणूस जास्त झाला तर कोणाच्या ध्यानात येणार?"

आता तो आरशातून बघत होता. ज्याला मागे लपवायचं होतं तो बाप पुढच्या खिडकीत बसला होता आणि गाडीची पार्टी त्याला वारा घालत होती. लखनने सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात उनाई गाव आलं आणि आप्पा ओरडले, "थांबव गाडी! आबांना चहा!"

चहाबरोबर खमण आलं, खमणावर जिलेबी आली. आबा "नको" म्हणाले की आप्पांचा चेहरा पडायचा आणि आणखी दोन जिलेब्या यायच्या. शेवटी आबांना एवढंच कळलं की नाही म्हटलं की जास्त मिळतं. त्यांनी गप्प खायला सुरुवात केली. सरस्वतीबाईंचा जीव भांड्यात पडला. लखन एका बाजूला बापाला म्हणाला, "सांगून टाकू का?"

"आता?" दगाजी बोटं पुसत म्हणाले. "सहा जिलेब्या खाल्ल्यावर?"

राष्ट्रीय उद्यानात पोहोचल्यावर वाटाड्याने सांगितलं की पुढची टेकडी चढली तर सगळं जंगल नजरेत येतं. पोरं पळत सुटली. दगाजींनी टेकडीकडे पाहिलं, गुडघ्यांकडे पाहिलं आणि ते एका दगडावर बसले. "तुम्ही जाऊन या. मला इथूनबी दिसतं."

हे ऐकून बाजीरावांना वाईट वाटलं. घरच्या सुनेचे आजोबा असे खाली बसलेले बरे दिसत नाहीत. इतक्या दिवसांनी आलो आहोत तर आपणही चार माणसांत चांगलं वागावं, असं त्यांच्या मनात आलं. ते खाली वाकले. "बसा आबा, माझ्या पाठीवर."

आप्पांच्या डोळ्यांत पाणीच आलं. "पाह्यलं? मामावर कसा जीव आहे पोराचा!" असं बायकोला म्हणून ते पुढे धावले. "जावईबापू, अर्धी चढण माझी!"

आप्पाही पाठ द्यायला तयार झालेले पाहून बाजीराव चकित झाले. सुनेच्या माहेरच्या माणसाची एवढी बडदास्त ठेवणारं हे घर, आणि आपल्याच मामांना विसरलं? दगाजी मात्र एकाच्या पाठीवरून दुसऱ्याच्या पाठीवर जात देवाचं नाव घेत होते. आपण मेलो तर नाही ना, अशी त्यांना मधूनमधून शंका येत होती.

टेकडीवर वारा होता. खाली बांबूची बेटं, सागाची झाडं, एकामागे एक गेलेले डोंगर. सगळे पाहण्यात गुंतले. ती वेळ साधून आप्पांनी बायकोला खूण केली आणि पुडकं बाहेर आलं. त्यांनी आबांच्या डोक्यावरचा रुमाल काढून टोपी घातली, खांद्यावर टॉवेल टाकला, हातात नारळ दिला आणि पाया पडले.

"आबा," डोळे पुसत ते म्हणाले, "नितीनच्या लग्नात तुमचा मान राहून गेला. चूक माझी. मोठ्या मनानं पदरात घ्या."

दगाजींना यातलं काहीच कळलं नाही, पण समोरचा माणूस रडतो आहे हे दिसत होतं. "जाऊ द्या हो," ते कळवळून म्हणाले. "मला तर कधीच राग नव्हता तुमचा."

टाळ्या वाजल्या. बाजीरावांनीही वाजवल्या. त्यांच्या डोक्यात मोठाच प्रकाश पडला होता. म्हणजे हे लोक त्या लग्नात खुद्द नवरीच्या आजोबांनाही विसरले होते! मग आपल्या मामांचं ते काय घेऊन बसलो? विसरभोळं खानदान आहे, खोटं नाही. बऱ्याच वर्षांनी ते मनापासून हसले, आणि त्यांना हसताना पाहून अश्विनी आईच्या कुशीत शिरली. नितीनने आबांचा फोटो काढला. जंगलात फोनला रेंज नव्हती. संध्याकाळी सापुताऱ्याला पोहोचल्यावर त्याने तो नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं : 'सुपडू मामांचा यथोचित सन्मान'.

लॉजच्या अंगणात पंगत बसली होती. मधोमध टोपी घातलेले दगाजी. आणि बाजीरावांचा फोन वाजला.

"मामांचा आहे," ते म्हणाले आणि त्यांनी स्पीकर लावला.

आप्पांचा घास हातातच राहिला. मामा तर समोर भात कालवत होते.

"भाचा," फोनमधून खणखणीत आवाज आला, "मी हाऊ फोटो देखी ऱ्हायनू. खाले मनं नाव शे. मंग टोपी कोना डोकावर शे?"

बाजीरावांनी फोनकडे पाहिलं, मग सासऱ्यांकडे. "तुम्ही यांना माझे मामा समजलात?"

"तुमच्यासोबत चढले ना!" आप्पा कसंबसं म्हणाले.

"मला वाटलं, पूजाचे आजोबा!"

"माझे आजोबा?" पूजा किंचाळली. "मला वाटलं..."

सगळ्यांच्या नजरा दगाजींवर आल्या. त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि हात जोडले. "मी लखनचा बाप. फुकटात डोंगर पाहायला आलो होतो. गुपचूप बसणार होतो, पण तुम्ही बसू देईनात."

लखन दारातून धावत आला आणि माफी मागू लागला. पण त्याच्याकडे कोणाचं लक्ष नव्हतं. बाजीराव उठून उभे राहिले होते, आणि अगदी असेच ते त्या मांडवात उभे राहिले होते. सरस्वतीबाईंनी अश्विनीचा हात घट्ट धरला. दिवसभराचं सगळं पाण्यात गेलं. मामांचा मान दुसऱ्यांदा हुकला होता, आणि या वेळी तो दुसऱ्याच कोणाला गेला होता, तोही मामांच्याच नावाने.

"मामा," बाजीराव फोनमध्ये म्हणाले, "तुमचा त्या लग्नात एवढा अपमान झाला, आणि आज पुन्हा..."

"कोनतं लगीन? नितीननं?" मामा म्हणाले. "अरे, मी त्या लगीनले उनूच नव्हतू!"

"काय? तुम्ही आलाच नव्हतात?"

"म्हैस अडी गयती मनी. तुना सासरानं पत्रिकावर मनं नाव छापं, इतला मान दिना, आन् मी गयू नही. मालेच लाज वाटे. तू बी कधी इषय काढा नही. मी समजनू, भाचा मनावर रागायेल शे."

चार वर्षांत मामा-भाचे फोनवर शेकडो वेळा बोलले होते. पण लग्नाचा विषय जवळ आला की दोघंही घाईने पाऊसपाण्याकडे वळायचे. मामांच्या जखमेवर मीठ नको, म्हणून भाचा विचारत नव्हता. भाच्याला राग नको, म्हणून मामा सांगत नव्हते. आणि जावयाला काही विचारायची तर सासऱ्यांकडे बंदीच होती. मांडवात नाव पुकारलं गेलं नाही, कारण म्हैस विताना अडल्यामुळे मामा तिथे आलेच नव्हते, आणि गर्दीत ते कुठेतरी बसले असतील असं बाजीरावांनी धरलं होतं.

बाजीराव मटकन खाली बसले. पहिल्यांदा अश्विनी हसली. मग ती हसता हसता रडायला लागली. दगाजी उठले, टोपी, टॉवेल आणि नारळ घेऊन आप्पांसमोर आले. "हे तुमचं. माझं नव्हतं."

आप्पांनी त्यांचे दोन्ही हात धरले. "ठेवा आबा. तुम्ही आला नसता तर आमचं काही खरं नव्हतं. आज माझी लेक माझ्या पंगतीत जेवते आहे, ते तुमच्यामुळं. देवानंच तुम्हाला त्या चौकात उभं केलं."

"देवानं नाही, लखननं," दगाजी प्रामाणिकपणे म्हणाले. "पण मीच तुमचे उपकार मानतो. आयुष्यभर मिलमधी हिरवा रंग काढला. खरा हिरवा कसा असतो ते आज तुमच्या पाठीवर बसून पाह्यलं."

अश्विनीने डोळे पुसले. "आप्पा, उद्या परतताना मी बारडोलीला उतरणार नाही. मी मुलांना घेऊन सरळ पांडेसऱ्याला येते. उरलेली सुट्टी तिथेच."

सरस्वतीबाईंनी तिच्या पानात आणखी एक पोळी वाढली. बाजीराव पानाकडे बघत बसले होते. सवयीप्रमाणे कोणी त्यांच्याकडे पाहत नव्हतं, कोणी बोलत नव्हतं. दिवसभर, खरं तर चार वर्षं, जे केलं नव्हतं ते आप्पांनी केलं.

"जावईबापू, इचारतो म्हणून रागावू नका. तुम्हीपण येता का घरी?"

बाजीरावांनी वर पाहिलं. त्यांचे डोळे भरून आले होते.

"केव्हाचा आलो असतो, आप्पा," ते म्हणाले. "कोणी विचारलंच नाही."