बाई, चप्पल काढा

आमच्या शेजारचे मारोतकाका माणसाच्या तोंडाकडे बघत नाहीत, पायांकडे बघतात. मी बदली होऊन वसमतला आले, त्या दिवशी सामानाचा टेम्पो अजून दारातच होता. खाकी पँट घातलेले एक अनोळखी गृहस्थ फाटक उघडून आत आले, माझ्या पायांकडे टक लावून उभे राहिले आणि म्हणाले, "बाई, चप्पल काढा."

मी शाळेत शिकवते. अख्खा वर्ग गप्प करणारा आवाज मला आहे, पण त्या क्षणी मीच चप्पल काढून उभी राहिले.

"डोकं दुखून राहिलं तुमचं. व्हय ना?"

दुखत होतं. घर बदलताना कुणाचं दुखत नाही? मी मान हलवली, तशी त्यांनी शर्टाच्या खिशातून सुयांचं पाकीट काढलं आणि मी अशी किंचाळले, की टेम्पोवाला धावत आत आला. शेवटी सुया खिशात परत गेल्या. पण पायाचा अंगठा आणि त्याशेजारचं बोट यांच्यामधली बेचकी त्यांनी मला माझ्याच हाताने दाबायला लावलीच. डोकं थांबलं. दाबल्यामुळे की घाबरल्यामुळे, ते मला अजून कळलेलं नाही.

काका एसटीतले कंडक्टर. निवृत्त झाल्यावर कुणी भजनी मंडळात जातं, कुणी भावकीतली जुनी भांडणं उकरून काढतं. काकांनी नांदेडला जाऊन ॲक्युपंक्चरचा कोर्स केला. त्यातली चिनी नावं काही जिभेवर बसली नाहीत, म्हणून त्यांनी पायावरून सरळ वसमत-औंढा एसटीच सुरू केली.

"अंगठा म्हंजे डेपो. तिथून सुटली गाडी की घोट्याला मोठा थांबा. आतल्या अंगाला घोट्याचं हाड अन् टाचेची शीर, मधी खळगा हाय ना, ते जवळा बाजार. बाहेरून बी तसाच खळगा, ते औंढा. कंबर धरली की औंढ्याला उतरायचं. बराबर?"

'बराबर' विचारून ते उत्तरासाठी कधी थांबत नसत. दुखणं म्हणजे त्यांच्या लेखी रस्त्यात बंद पडलेली गाडी. धक्का दिला की निघते. आणि कुणी "मला काही होत नाही" म्हणालं की म्हणायचे, "तोंड खोटं बोलतं, पाय न्हाई."

त्यांच्यामुळे मला इतके धक्के बसले की मी मोजणं सोडून दिलं. एकदा भाजीबाजारात आमच्या शाळेतल्या नव्या शिक्षिकेने सहज सांगितलं, पोटरीत गोळे येतात. काकांनी भर बाजारात खड्या आवाजात विचारलं, "बाई, दिवस तर गेले न्हाईत ना?"

तिचं लग्न व्हायचं होतं. भेंडी मोजणाऱ्या बाईचा तराजू हवेतच राहिला. माझ्या हातातून टोमॅटो पडले. काका मात्र शांतपणे समजावून सांगत होते, की आतल्या घोट्याच्या वर चार बोटांवर जो थांबा आहे, तिथं गरोदर बाईला उतरवायचं नसतं. "इचारल्याबिगर दाबलं तर पाप कोणाला? आमालाच ना?" म्हणणं रास्त होतं. पण ती पोरगी पुढे बरेच दिवस बाजाराकडे फिरकली नाही.

गल्लीत एकच पाय असा होता, ज्याला काकांचा हात लागला नव्हता. तो त्यांच्या घरातच होता. कौसाकाकूंचा डावा घोटा. फार वर्षांपूर्वी हळद शिजवायच्या हंगामात ओल्या चिखलात त्यांचा पाय मुरगळला, तो पुन्हा नीट झालाच नाही. एक्सरे झाले, मलमं झाली. थंडीत घोटा टम्म सुजायचा आणि ओट्याची एक पायरी चढताना काकू पदर दातात धरायच्या. काका विनवण्या करायचे, पण काकू कानावर हात ठेवायच्या.

"नवऱ्यानं बायकूच्या पायाला हात लावायचा? मला नरकात तरी जागा भेटंल का?"

स्वतःच दाबावं, तर गुडघा दुमडत नव्हता. एकदा मी म्हटलं, काकू, मी दाबते. तर म्हणाल्या, "तुमी मास्तरीण. तुमच्या हातानं पाय चेपून घेऊ का मी?" विषय संपला. काकू भिंत धरून चालत राहिल्या आणि काका गावाच्या टाचा धरत फिरत राहिले. मला त्यांचा रागच यायचा. घरातली बाई विव्हळतेय आणि या माणसाला मिरवायची हौस, असं मी ठरवूनच टाकलं होतं.

मग त्यांच्या मुलीचं, सुनीताचं लग्न आलं. जवळा बाजारचं मंगल कार्यालय. मुलाकडचे साखरा गावचे, मेंढरं आणि कोरडवाहू शेती सांभाळणारं साधं घर. वऱ्हाड आलं, बँड वाजायला लागला, व्याहीभेटीची वेळ झाली. दोन बापांनी एकमेकांना हार घालायचे, गळाभेट घ्यायची, फोटो काढायचा. सगळे दाटीवाटीने उभे होते. व्याही थोडे लंगडत पुढे आले. काकांची नजर खाली गेली.

काकांनी हार बाजूला ठेवला, मटकन खाली बसले आणि व्याह्यांचा पाय दोन्ही हातांनी धरला.

बँड बंद पडला. मुलीच्या बापाने भर मांडवात व्याह्याचे पाय धरले, याचा आमच्याकडे एकच अर्थ होतो. सुनीताचे मामा बाह्या सरसावत पुढे आले. "काय मागितलं ह्यांनी? आत्ताच्या आत्ता सांगा!" मुलाकडच्या बायकांनी तोंडाला पदर लावले. बिचारे व्याही एका पायावर उड्या मारत ओरडत होते, "अवो उठा इवाई! आमी काईच मागितलं न्हाई! देवाशपथ न्हाई!"

"हालू नगा," काका खालून म्हणाले. "औंढा सापडला."

तेवढ्यात गर्दीतून वाट काढत काकू आल्या. पहाटेपासून उभ्या होत्या, घोटा सुजून जोडव्यापर्यंत चकाकत होता. संतापाने त्यांचा आवाज फाटला होता.

"पोरीच्या लग्नात तरी लाज धरा! काहून लोकाचे पाय धरून राहिले तुमी?"

काकांनी मान वर केली. त्यांना कुणाच्या तोंडाकडे इतका वेळ बघताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

"तुझाच पाय शिकाया गेलतो मी नांदेडला," ते म्हणाले. "तू धरू देत न्हाईस. मंग लोकाचे धरतो. हात तरी इसरू नये म्हणून."

माझे कान गरम झाले. मिरवायची हौस म्हणे! मामांनी सरसावलेल्या बाह्या हळूच खाली केल्या.

पहिले सावरले ते व्याही. त्यांनी एक खुर्ची ओढली. "इहीणबाई, बसा." मग वळून वऱ्हाडावर खेकसले, "अय, पाठ करा रे समदे तिकडं! काय बघून राहिले?"

आणि खरंच, बँडवाल्यांसकट सगळ्यांनी पाठ फिरवली. मीही फिरवली. पण खोटं कशाला बोलू, मी मान वळवून बघितलं.

काकूंनी पदर डोळ्यांवर ओढला होता. लुगड्याखालून डावा पाय जेमतेम बोटभर पुढे आला होता. काकांनी तो मांडीवर घेतला. हात खिशाकडे गेला, पण सुया त्यांनी काढल्याच नाहीत. नुसता अंगठा टेकवला. इतक्या वर्षांत हा माणूस थांब्याचं नाव न घेता पायाला हात लावत नव्हता. आज गप्प होता.

"जरा खाली," पदराआडून काकू म्हणाल्या. "व्हय. तिथंच."

"बराबर?" काकांनी विचारलं आणि या वेळी उत्तरासाठी थांबले.

काकूंनी मान हलवली.

लग्न मुहूर्तावर लागलं नाही. आमच्याकडे कुठलंच लागत नाही म्हणा, पण त्यावरून कुणीही भांडलं नाही, असं लग्न मी ते एकच पाहिलं.