नळीचं दुसरं टोक

सकाळी फिरायला निघताना म्हातारी माणसं हातात काठी घेतात. आमच्या पिपरी मेघेच्या ले-आउटमधले गणवीर काकाजी खांद्यावर पाण्याने भरलेल्या पारदर्शक नळीचं वेटोळं घेऊन निघतात.

पाटबंधारे खात्यातून ते निवृत्त झाले, पण जमिनीचा उतार काही त्यांच्या डोक्यातून गेला नाही. कुठल्याही प्लॉटवर मुरमाचा टिप्पर दिसला की काकाजी हजर. पहिला प्रश्न, "परवानगी हाय का?" दुसरा, "पानी कुठं जाईन?" एका बारशाला गेले, तर बाळाच्या आधी अंगण पाहून आले आणि नालीचा उतार उलटा असल्याचं यजमानांना सांगून मगच पाळण्याजवळ गेले.

माझी पाळी उन्हाळ्यात आली. दर पावसाळ्यात अंगणात घोट्याइतकं पाणी साचायचं, म्हणून मी दोन टिप्पर मुरूम मागवला. काकाजी फाटकात आडवे उभे राहिले. टिप्परवाले हॉर्न वाजवून थकले आणि परत गेले. मला असा संताप आला की विचारू नका. काऊन अडवून राह्यले, म्हणून मी भांडायलाच गेलो.

"अनिल, तुहं अंगण उंच झालं तं पानी मागच्या घरच्या चुलीपाशी जाईन. ग्रामपंचायतीत अर्ज कर, संग उताराचा नकाशा जोड," ते म्हणाले. "चाल, टोक धर."

सगळा रविवार मी नळीचं टोक धरून फिरलो. चालताना पाणी सांडू नये म्हणून दोघांनी आपापल्या टोकावर अंगठा दाबायचा. जागेवर पोचलं की काकाजी म्हणायचे, "अंगठा काढजो." दोन्हीकडचं पाणी एका पातळीला थांबलं की भिंतीवर पेन्सिलीची खूण, आणि मोजणी संपली.

नकाशा झाला, परवानगी आली, मुरूम पडला, नाली रस्त्याकडे निघाली. पावसाळाभर आमचं अंगण कोरडं आणि मागचं घरही कोरडं. म्हातारा बरोबर होता, कबूल करतो.

पण पाऊस संपला तरी काकाजी दर रविवारी यायचे. एकदा तपासून घेऊ म्हणायचे. चौथ्या रविवारी मी वैतागलो. अंगण काही पळून जात नाही, तुम्ही एकटेच मोजा, असं तोडून बोललो.

"एकट्यानं होत नाई," काकाजी म्हणाले. "या ले-आउटची सारी घरं आमी दोघायनं मोजली. तिकडचं टोक तुही काकू धरे. ती गेली, तवापासून नळी रोज भरतो. धरनारं कोनी नाई."

मला माझीच लाज वाटली. मी टोक घेतलं, अंगठा दाबला आणि भिंतीपाशी जाऊन उभा राहिलो. काकाजी फाटकापाशी थांबले आणि काकूंबद्दल बोलत राहिले. डोक्यावर पदर घेऊन ती उन्हात उभी राहायची, म्हणाले, आणि खूण चुकली की त्यांनाच रागवायची.

बराच वेळ झाला. अंगठा काढजो, असं काही त्यांनी म्हटलं नाही. मीही काढला नाही.