गवसणीतला तांबेरा

खंडेनवमी दोन दिवसांवर आली तेव्हा मानसिंगरावांनी कपाटातून बंदूक काढली, तिची मखमली गवसणी खाली ओढली आणि घाईघाईने परत वर चढवली. दुनळीच्या निळ्याकाळ्या नळ्यांवर, अंगावर पुरळ उठावं तसा तांबूस गंज आला होता.

बंदूक त्यांच्या वडिलांची, बापूसाहेबांची. देवासच्या त्या घरात तिने कुणावर बार काढल्याचं कुणाला आठवत नव्हतं. खंडेनवमीला पाटावर बसायचं, हळदकुंकू लावून घ्यायचं आणि परत कपाटात जायचं, एवढंच तिचं काम. गंजाचं कारण मानसिंगरावांना लगेच कळलं. उन्हाळ्यात नव्या सुनेने, अपेक्षाने, मोठ्या हौसेने ही गवसणी शिवली होती. आतून फोम, बाहेरून जांभळी मखमल, कडेला जर. त्या फोमने पावसाळाभर ओल धरून ठेवली आणि लोखंडाला पाजली.

अपेक्षा धारची. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. मागे एकदा तिच्या हातून कढी फुटली, तर दिवसभर तिने मान वर केली नव्हती. गंजाचं तिला कळू द्यायचं नाही, असं मानसिंगरावांनी ठरवलं, आणि तिथूनच सगळं बिघडत गेलं.

दुपारी सगळे आडवे झाल्यावर त्यांनी खोलीचं दार लावून घेतलं. बंदूक रिकामी असल्याची खात्री केली, नळ्या सोडवून मांडीवर घेतल्या. बापूसाहेबांची शिकवण त्यांना पाठ होती. आधी गंजावर तेल सोडायचं आणि मुरू द्यायचं. मग केसांहून बारीक पोलादी तारांचा मऊ बोळा तेलात भिजवून, तान्ह्याच्या टाळूवर फिरवावा तसा हलक्या हाताने फिरवायचा. लिंबू, चिंच, भांड्यांची पूड यांचं नाव काढायचं नाही. आंबट लागलं की गंजाबरोबर नळीची निळाईही जाते.

बाकीचे डाग सुटले, एक मात्र दाद देईना. मानसिंगराव त्याच्याशी बोलू लागले.

"बराच गप्प बसलो. आज तुझा निकाल लावतो. घाई नाही. हळूच."

हे खिडकीबाहेर वाळवण काढायला आलेल्या बकुळाबाईंनी ऐकलं. फटीतून नवऱ्याची पाठ आणि नळीचं टोक तेवढं दिसलं. आठवड्यापूर्वी शेजारच्या दत्ताजी मास्तरांनी ह्यांच्या शेवग्याची, भिंतीवरून पलीकडे गेलेली फांदी तोडली होती, आणि तेव्हापासून हे त्यांच्याशी बोलत नव्हते. बकुळाबाई मागच्या दाराने थेट मास्तरांकडे गेल्या आणि दसऱ्यापर्यंत कन्नौदला बहिणीकडे जाऊन राहा म्हणाल्या.

"एका फांदीवरून, वहिनी?" दत्ताजींनी विचारलं.

"तुम्हाला ह्यांचा स्वभाव माहीत नाही," बकुळाबाई म्हणाल्या. खरं तर नवऱ्याने डास मारलेलाही त्यांनी कधी पाहिला नव्हता. पण नळी पाहिली होती.

दत्ताजींनी बराच विचार केला. कन्नौदला गेलं तरी कधीतरी परत यावंच लागणार. त्यापेक्षा माफी मागणं सोपं. त्यांनी धुतलेला सदरा घातला.

तोवर बकुळाबाईंनी घरी येऊन सुनेला उठवलं होतं. अपेक्षाने पुरतं ऐकूनही घेतलं नाही. ती जाऊन दारापाशी उभी राहिली.

"बाबासाहेब, दरवाजा उघडा. मी अंदर येते."

तिला नाही म्हणणं मानसिंगरावांना जमत नसे. त्यांनी दार उघडलं. तिने तेलाची बाटली पाहिली, लालसर झालेल्या चिंध्या पाहिल्या, मग गवसणीत हात घालून पाहिला. आत अजून दमट होतं.

"ये माझ्या कव्हरमुळे झालं ना?"

"छे. माझ्या हाताला घाम फार. मागच्या वर्षी पुसायची राहिली असेल."

"तुम्हाला झूठ बोलता नाही येत, बाबासाहेब."

तिचे डोळे भरले. पण ती गेली नाही, तिथेच जमिनीवर बसली. थोड्या वेळाने म्हणाली, त्यांच्याकडे धारला पूजेच्या वेळी मुलींनी पीछे उभं राहायचं असे, बंदुकीला हात लावायचा नसे. मग हळूच विचारलं, "मी घासू?"

मानसिंगरावांनी बोळा तिच्या हातात दिला. "जोर लावायचा नाही. गंज काढायचाय, निळाई नाही."

तिचा हात त्यांच्यापेक्षा स्थिर होता. तो हट्टी डाग फिका होत होत गेला, आणि खालून रात्रीच्या आभाळासारखा रंग वर आला. दोघं वाकून त्याच्याकडे बघत असतानाच दत्ताजी दारात आले, त्यांच्या मागे बकुळाबाई. बंदुकीपाशी आता सूनही बसलेली बघून मास्तरांचा उरलासुरला धीर सुटला.

"मानसिंगभिया, फांदी मीच तोडली. गलती झाली. आणि सकाळचा तुमचा पेपरही मी आधी वाचून, घडी घालून परत टाकतो. तेही सांगून मोकळा होतो."

मानसिंगरावांना काही उमजेना. ती फांदी विजेच्या तारेला घासत होती, तोडली ते बरंच झालं, असं ते म्हणाले. आठवडाभर बोलत नव्हते ते दाढ काढल्यामुळे. बकुळाबाईंना ती दाढ आत्ता आठवली, आणि कुणाकडेही न बघता त्या चहा टाकायला गेल्या.

खंडेनवमीला बंदूक पाटावर ठेवली. नळ्या निळ्याशार झाल्या होत्या. मानसिंगरावांनी पूजेचं तबक अपेक्षापुढे धरलं. "बेटा, यंदा पूजा तू कर."

अपेक्षाने सासूकडे पाहिलं.

"कर गं," बकुळाबाई म्हणाल्या. "मला कधी कुणी म्हटलं नाही." भाजीत मीठ कमी आहे म्हणून सांगावं, तितक्याच सहज त्या बोलल्या.

मानसिंगराव तबक धरून उभेच राहिले. सगळा संसार सरत आला, आणि दर नवमीला ही बाई आपल्या मागे उभी असते, हे त्यांच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. त्यांनी तबक बायकोकडे वळवलं.

"आधी तुम्ही."

बकुळाबाईंनी पदर सावरला. कुंकू पाण्यात चांगलं कालवलं आणि भिजलेलं बोट दोन्ही नळ्यांवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश ओढत नेलं. ओघळ बंदुकीच्या लाकडी दस्त्यापर्यंत आले. अपेक्षाने घाबरून सासऱ्यांकडे पाहिलं. पुसायला ती पुढे होणार, तेवढ्यात मानसिंगरावांनी तिला डोळ्यांनीच थांबवलं आणि हात जोडले.