सहावी-सातवीला शोभेल असं इंग्रजी गाणं

माझी बायको रुखसार पवनानगरच्या पुढच्या एका गावात शाळेवर इंग्रजी शिकवते आणि मी नवलाख उंबरे गावच्या एका कारखान्यात स्टोअरकीपर आहे. म्हणजे तिचा इंग्रजीशी रोजचा संबंध. माझा खोक्यांवर छापलेल्या इंग्रजीपुरता. (‘धिस साइड अप’ ह्या वाक्यावर मात्र माझ्याइतका अधिकार अख्ख्या तळेगावात कुणाचा नसेल.) तरीही त्या संध्याकाळी चहाचा कप खाली ठेवत मी म्हणालो, "गाणंच ना? त्यात काय एवढं! मी निवडून देतो."

झालं. पुढचं सगळं रामायण ह्या एका वाक्यामुळे घडलं.

भानगड अशी होती. गावात ह्या वर्षापासून लांबच्या एका इंग्रजी शाळेची पिवळी बस यायला लागली होती. टाय लावलेली पोरं त्या बसमधून उतरून ‘बाय बाय’ म्हणायची आणि इकडे पालकांचा जीव खालीवर व्हायचा. "आमच्या पोरांना कुटं इंग्रजी येतंय?" असं जो तो म्हणायला लागला. जूनमध्ये रुखसारचा निम्मा वर्ग त्या बसमध्ये बसणार, अशी लक्षणं दिसत होती. म्हणून मुख्याध्यापकांनी ठरवलं की गॅदरिंगला सहावी-सातवीच्या मुलांनी इंग्रजी गाणं म्हणायचं. पालकांसमोर आणि शिक्षण खात्याच्या अधिकारी मॅडमसमोर.

रुखसारनं आधी बदकांचं एक गाणं काढलं होतं. त्यात कोपर हलवून पंख फडफडवायचे होते. वर्गात सातवीतला संदेश, ज्याला आता बारीकशी मिसरूड फुटली आहे, उभा राहून म्हणाला, "मॅडम, आमी काय अंगणवाडीत हाय का?"

"बरोबरच आहे त्याचं," रुखसार मला म्हणाली. "ह्या वयात पोरांना मोठ्यांसारखं गायचं असतं, आणि इंग्रजी मात्र लहानांएवढं येत असतं. मला गाणं हवंय ते हळू, सोपं, ओळी फिरून फिरून येणारं. शब्द रोज वापरता येतील असे हवेत. आणि पोरांना लाज वाटता कामा नये."

मी मोबाइल मसाल्याच्या डब्याला टेकवला आणि पहिलं गाणं लावलं. अम्मी समोर मेथी निवडत बसली होती.

"कोण रडतंय?" तिनं विचारलं.

"रडत नाहीये अम्मी, गातोय."

"मग सारखं बेबी बेबी काय करतोय? पोर हरवलंय का त्याचं?"

"बेबी म्हणजे... त्याची ती... मैत्रीण."

"घोड्यासारखी बाई, तिला बाळ म्हणतो? बंद कर आधी!"

दुसऱ्या गाण्यातही बेबी होती. तिसऱ्यात तर दोन दोन होत्या. लहान मुलांच्या गाण्यात बदकं आणि मोठ्यांच्या गाण्यात बेबी. सहावी-सातवीच्या पोरांनी जायचं कुठं? ह्या प्रश्नाचा इंग्रजांनी विचारच केलेला नाही.

मग मला एक फार सुंदर गाणं सापडलं. संथ चाल, शब्द न् शब्द मोकळा. मी डोळे मिटून मान डोलावत होतो, तर रुखसारचा चेहरा लाल.

"अहो, हा माणूस दारूच्या गुत्त्यात बसून बायकोला शिव्या देतोय."

"असेल. पण उच्चार किती स्पष्ट आहेत!"

तिनं मोबाइल स्वतःकडे ओढला आणि थोड्या वेळात नदी, डोंगर आणि वाऱ्याचं एक गोड गाणं शोधून काढलं. बेबी नाही, बदक नाही, बाटली नाही. अम्मीनंसुद्धा मेथीची काडी हलवून मंजुरी दिली. माझ्याकडे एकच काम उरलं. रुखसारला ट्रेनिंगसाठी पुण्याला जायचं होतं, म्हणून हे गाणं तिचे सहकारी सुहास सर बसवून घेणार होते. ते त्यांना पाठवायचं.

मी कंपनीच्या बसमध्ये उभ्या उभ्या, एका हातानं दांडी धरून, गाणं पाठवून दिलं.

दोनच दिवसांत सुहास सरांचा मेसेज: ‘गाणं भन्नाट! पोरं पेटली आहेत!’ सुहास सर मूळचे खेळाचे शिक्षक, त्यामुळे त्यांचं कौतुकही जरा घामेजलेलं असतं. मी तो मेसेज रुखसारला फोनवर वाचून दाखवला. तीही खूश. ट्रेनिंग नेमकं गॅदरिंगच्या आदल्या दिवशी संपलं, त्यामुळे तिला एकही तालीम बघता आली नाही.

गॅदरिंगला शाळेचा हॉल खचाखच भरला होता. पुढे अधिकारी मॅडम, मुख्याध्यापक आणि गावचे जुने जाणते अंबाजी आबा. सृष्टी ह्या त्यांच्या नातीचं नाव पिवळ्या बसच्या शाळेत घालायचं जवळपास ठरलं होतं. मी आणि अम्मी मधल्या रांगेत. रुखसार स्टेजच्या कडेला उभी राहून हसतमुखानं नदीची वाट बघत होती.

पोरं आली ती कदम ताल करत. सृष्टीनं हात वर केला आणि सगळ्यांनी एका आवाजात सुरू केलं:

"स्टॉप युवर वर्क! स्टॉप युवर वर्क!
स्विच इट ऑफ! स्विच इट ऑफ!"

रुखसारचं हसू जागच्या जागी थिजलं. मी खुर्चीत खाली सरकलो. कारण ते शब्द माझे होते.

सांगतो. आमच्या कारखान्यात सेफ्टी वीक असतो. आग लागली तर काय करायचं, ह्यावर मी एक इंग्रजी गाणं रचलं, स्वतः गायलं, रेकॉर्ड केलं आणि आधी रुखसारला, मग मॅनेजर साहेबांना ऐकवलं. ("भावना पोहोचल्या," साहेब म्हणाले. गाणं कुठंच पोहोचलं नाही.) ते माझ्या मोबाइलमध्ये ‘इंग्लिश साँग’ ह्या नावानं पडून होतं. नदीचं गाणंही मी ‘इंग्लिश साँग’ ह्याच नावानं सेव्ह केलं होतं. स्टोअरकीपर म्हणून मी कसा आहे, ते तुमच्या लक्षात आलंच असेल.

"लीव्ह युवर बॅग! लीव्ह युवर बॅग!
वॉक, वॉक, नो रनिंग!"

रुखसारनं स्टेजच्या कडेवरून माझ्याकडे पाहिलं. ती नजर मी वर्णन करत नाही. विवाहित वाचकांना गरज नाही आणि अविवाहितांना इतक्यात घाबरवायला नको.

आणि तेवढ्यात स्टेजमागच्या ॲम्प्लिफायरमधून चट चट आवाज झाला आणि काळाकुट्ट धूर निघाला.

कुणीतरी ओरडलं, "आग!" खुर्च्या कलंडल्या. दार एकच, माणसं एवढी. आता चेंगराचेंगरी होणार, असं वाटत असतानाच सृष्टीनं सरळ जाऊन भिंतीवरचं बटण बंद केलं. गाणं मात्र बंद केलं नाही. माइक गेला, म्युझिक गेलं, तरी पोरं आणखी मोठ्यानं गात राहिली. गात गातच स्टेजवरून उतरली, दोन रांगा केल्या आणि एकेका माणसाचा हात धरून दाराकडे चालायला लागली.

"आरं, पिशवीत डबा हाय माझा!" संदेशची आई मागं वळली.

"लीव्ह युवर बॅग, आई!" संदेश ओरडला.

अंबाजी आबा काठी टेकत घाईनं उठले. सृष्टीनं त्यांचा दंड पकडला. "वॉक, वॉक, आबा! नो रनिंग!"

"पळाया गुडघं कुटं हायत, बाय?" आबा म्हणाले, पण नातीच्या तालावर चालले. त्यांच्यामागे अधिकारी मॅडम, मुख्याध्यापक, सगळी खुर्ची मंडळी. बघता बघता हॉल रिकामा झाला. ना धक्का, ना बुक्का.

ह्या सगळ्यात मी कुठं होतो? मी मैदानात होतो. सगळ्यांच्या आधी. पळत आलो होतो. अम्मीची पिशवी घेऊन.

(अम्मी आत होती. तिला नंतर दोन मुली गात गात घेऊन आल्या.)

बाहेर पोरं "काउंट युवर फ्रेंड्स" म्हणत एकमेकांना मोजत होती. सगळे होते. सुहास सरांनी ॲम्प्लिफायरवर वाळूची बादली ओतली आणि धूर थांबला. मग मैदानात टाळ्यांचा कडकडाट झाला.

"वा!" अधिकारी मॅडम म्हणाल्या. "कृतीतून शिक्षण म्हणतात ते हेच! आणि धूर काय हुबेहूब जमवलात!"

मुख्याध्यापक हे श्रेय घ्यावं की काय, अशा विचारात पडले होते. पण रुखसार पुढे झाली. "मॅडम, धूर खरा होता. पोरांनी जे केलं ते खरंच केलं."

मॅडम म्हणाल्या, "इंग्रजी ऐकून त्याप्रमाणे वागतात ही मुलं? मग आणखी काय शिकवायचं राहिलं?"

अंबाजी आबांनी काठी आपटली. "मला इंग्रजी येत न्हाई, पर पोरगी वॉक म्हनली आन् मी चाललो. म्हंजी मला बी जरा आलंच की! ती पिवळी बस जाऊ दे कुटं जायची तितं. आमची सृष्टी हितंच शिकनार."

"आमचा संदेश बी!" मागून आवाज आला. मग आणखी एक, मग आणखी. रुखसारच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं मला हात धरून पुढे ओढलं (मी पिशवी पाठीमागे लपवली) आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "हे गाणं आमच्या ह्यांनी लिहिलंय. गायलंयही ह्यांनीच."

आयुष्यात पहिल्यांदाच लोक माझ्यासाठी टाळ्या वाजवत होते. अम्मीनं पदर डोळ्यांना लावला. अधिकारी मॅडमनी हे गाणं तालुक्यातल्या सगळ्या शाळांना पाठवायचं ठरवलं आणि माझ्या मोबाइलवर मूळ रेकॉर्डिंग ऐकायला मागितलं. मी लावलं. त्यांनी ते कानाशी धरून, डोळे मिटून, शेवटपर्यंत ऐकलं.

"शब्द उत्तम," त्या म्हणाल्या. "आवाज मात्र मुलांचाच घ्या. फक्त सुरुवातीला तो भोंगा वाजतो ना, तो तसाच ठेवा. अगदी खऱ्या कारखान्यातला वाटतो."

"मॅडम," मी म्हणालो, "तो भोंगा नाही. तिथं मी सूर लावतोय."