मणक्याच्या पाण्यातली टोळी

माझ्यासारखा गुप्तहेर शतकातून एकदाच जन्माला येतो, आणि या शतकाचा कोटा माझ्या आईने पूर्ण केला. दारावरच्या पाटीवर 'प्रयोगशाळा तंत्रज्ञ' असं लिहिलंय, पण ते माझं वेषांतर आहे.

मागच्या महिन्यात एका पन्नाशीच्या गृहस्थांच्या मेंदूच्या आवरणात जंतू घुसले. मणक्यातून काढलेल्या पाण्यात साखळी करून हिंडणारी टोळी सापडली: स्ट्रेप्टोकॉकस! पण हे झालं आडनाव. टोळीतला नेमका कोण?

"औषध सुरू केलंय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पण त्यांना कमी ऐकू यायला लागलंय. लवकर नाव सांगा."

"उद्या बेड्या घालतो!"

रक्ताच्या ताटलीवर वाढवल्यावर जंतूंभोवती हिरवट कडा आली. "न्यूमोनियावाला!" मी गरजलो आणि त्याला रोखणारी औषधाची टिकली ठेवली. सकाळी पाहतो तर पठ्ठ्या टिकलीला खेटून मजेत वाढलेला.

"मग दातांतला!" मी वॉर्डात धावलो. गृहस्थांना कवळी होती. वाटीतल्या पाण्यातून माझ्याकडे बघून हसत होती मेली.

"मग तान्ह्या बाळांचा! घरात बाळ लपवलंय!"

"बाळ सव्वीस वर्षांचं आहे," माझी सहायिका म्हणाली. हिला रहस्याची चवच नाही.

तेवढ्यात फरशी पुसणाऱ्या मावशी आल्या. "त्यांची बायको दोन दिवस बाहेर बाकावर बसलीय. तिला काही विचारलंत?"

"मावशी, गुप्तहेर विचारत नाही, ताडतो."

"मी विचारलं. डुकराच्या मटणाचं दुकान आहे त्यांचं. गेल्या आठवड्यात सुरीने बोट कापलं, तर फडकं गुंडाळून तसेच राबत होते."

सहायिका ताडकन उठली. "डुकरांचा स्ट्रेप्टोकॉकस! तो कानच धरतो!" नेमकी तपासणी लावली आणि तोच निघाला.

"तपासणीच्या अर्जावर 'व्यवसाय' हा रकाना असता तर परवाच कळलं असतं. कुणी काढला तो?" तिने विचारलं.

मी काढला होता. माझी सही मोठी येते, तिला जागा पुरत नव्हती.

कानाचे डॉक्टर लगेच आले, औषधाचे दिवसही वाढले. पण माझा जीव टांगणीला लागला होता. आठवड्याने वॉर्डात गेलो आणि गृहस्थांच्या खाटेशी उभा राहून माझ्या शोधाची हकीकत सांगू लागलो. सगळीच. हळू आवाजात.

"आता ऐकू येतंय ना हो नीट?" त्यांच्या बायकोने घाबरत विचारलं.

"सगळं येतंय," ते कण्हले. "यांना जरा गप्प बसायला सांग."

आयुष्यात इतका गोड अपमान माझा कुणी केला नव्हता. मी तिथेच रडलो.